नळीखालचा कागद

पाचवी गोळी कागदावर सापडली नाही. पोलिसांच्या चांदमारीच्या मैदानावर, सकाळी साडेआठला, जिल्ह्यातल्या सव्वीस परवानेदारांच्या देखत, माझ्या लक्ष्याच्या कागदावर चार भोकं होती आणि हवालदार तो कागद उजेडाकडे धरून पाचवं भोक शोधत होता, निवडलेल्या डाळीत सासूने खडा शोधावा तसा. पहिलं भोक काळ्या वर्तुळाच्या मधोमध. दुसरं त्याच्या दोन बोटं वर आणि डावीकडे. तिसरं आणखी वर, चौथं थेट कागदाच्या कडेला. चौघी मिळून कुठेतरी निघाल्या होत्या आणि पाचवी पुढे जाऊन पोहोचली होती. नवे डिप्टी कमिशनर उत्साही गृहस्थ होते. वऱ्हाड निजामाचा, कारभार नागपूरचा आणि बंदुकीचा परवाना बुलढाण्याचा, अशी आमची तिपेडी व्यवस्था. तिच्यात आपण नेमकं काय करायचं हे न उमगल्यामुळे त्यांनी आल्या आल्या सगळ्या परवानेदारांना पाच-पाच गोळ्या झाडायला बोलावलं होतं. डॉक्टर, तुमची पाचवी मलकापूरला उतरली असेल, असं ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो; परवान्याच्या अटींत ते कुठेतरी असणारच. मग मी रायफल खाली ठेवली, उजवा हात कोटाच्या खिशात घातला, आणि तो आत गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की ही हालचाल माझी नव्हे. ही माझ्या वडिलांची.

माझे वडील, महादेवराव देशमुख, शेवटची अकरा वर्षं उजवा हात शालीत ठेवून जगले. आमचं गाव घाटाखाली, मोताळ्याच्या अलीकडे. ही रायफल त्यांनी एकोणीसशे पाच सालच्या अखेरीस भुसावळहून विलायतेस निघालेल्या एका रेल्वेच्या इंजिनियराकडून घेतली आणि पुढची बारा वर्षं आसपासच्या सात-आठ गावांच्या ज्वारीला रानडुकरांपासून तिचाच आधार होता. त्या गावांतून दमणी यायची, वडील तिच्यात बसून जायचे, आणि परत येताना दमणीत भोपळे, वांगी आणि भरपूर स्तुती असायची. भोपळे आम्ही खायचो. स्तुती वडील खात नसत. आई ती शेजारी वाटायची. मग एकोणीसशे सतराच्या मार्गशीर्षात हाका झाला. ज्वारीतून पाच डुकरं एकदम फुटली. वडिलांनी दोन पाडली, तिसरं जखमी झालं, आणि चौथं, ते सुळेवालं, नेम धरलेला असताना, वीस पावलांवर असताना, गोळी त्याच्या बाजूने निघून गेली. ते डुक्कर वडिलांच्या अंगावर येत होतं. त्यांच्या डाव्या हाताला काडतुसांची पिशवी घेऊन उभा असलेला कडूबा मध्ये आला. तो मध्ये आला की मध्ये होता, हे कोणी कधी विचारलं नाही. त्याची मांडी गुडघ्यापासून वर वीतभर उघडली. मी तेव्हा नागपूरला वैद्यकी शिकत होतो. मला वडिलांचं कार्ड आलं, दोन वाक्यांचं. कडूबास डुकराने फाडले. माझा हात गेला.

त्यानंतर त्यांनी रायफल झाडली नाही. खंडेनवमीला ती पाटावर यायची, आई तिला तेल-शेंदूर लावायची, झेंडूचं फूल वाहायची, आणि दसरा उलटला की ती पुन्हा खुंटीवर जायची, एखाद्या निवृत्त मामलेदारासारखी. मान तेवढा, काम नाही. वडिलांचंही तेच झालं. चहा ते अर्धा कप घेऊ लागले, भरलेला नको म्हणून. चारचौघांत जेवायचं टाळू लागले. माझे वडील मोडीत इतकं सुरेख लिहायचे की पटवारी त्यांची पत्रं जपून ठेवायचा. त्याच पटवाऱ्यासमोर सहीची वेळ आली की ते अंगठा पुढे करू लागले. पटवाऱ्याने पहिल्या वेळी शाई पुढे केली नाही, त्याला वाटलं थट्टा आहे. मी परीक्षा पास होऊन घरी आलो तेव्हा आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, तू आता शिकलास, तर बघ. मी वडिलांना हात समोर धरायला लावला. त्यांनी तो शालीतून काढला आणि माझ्यासमोर धरला, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत राहिलो. बराच वेळ. मग तो हलला. मी वहीत लिहिलं, हाताचा कंप, वयोमानाने. लोहाचं टॉनिक दिलं. माझ्या वैद्यकीतलं ते पहिलं निदान, आणि वडिलांनी ते इतक्या शांतपणे ऐकून घेतलं की मला अभिमान वाटला. रोग्याने निदान इतक्या विनातक्रार मान्य करावं, असं पुढच्या वीस वर्षांत पुन्हा घडलं नाही.

आता मी चव्वेचाळीस वर्षांचा. बुलढाण्यात माझा सहा खाटांचा दवाखाना, त्यात मी बाकीचं सगळं किरकोळ करतो आणि डोळे मनापासून करतो. हिवाळा आला की घाटाखालून, चिखलीकडून, मेहकरकडून मोतीबिंदूवाली म्हातारी माणसं गाड्यांत बसून येतात. आजवर तीनशेच्या वर डोळे मी उघडलेत. हे काम थोड्या वेळाचं असतं आणि त्या वेळात हात हा एकच अवयव माणसाला असावा लागतो. पातळ पात्याची सुरी बुबुळाच्या एका कडेने आत घालायची, समोरच्या कडेने बाहेर काढायची, आणि मधल्या प्रवासात तिने कशालाही स्पर्श करायचा नाही. केसभर खाली गेली की पडदा फाटतो. आणि चांदमारीच्या तीन दिवस आधी माझ्या ओसरीत येऊन बसलेला रोगी कोण, तर कडूबा. दोन्ही डोळे गेलेले, एका हातात काठी, दुसरा हात सुनेच्या खांद्यावर. सून झुंबरबाई ज्वारीच्या पिठाचा डबा आणि तवासुद्धा घेऊन आली होती, कारण बुलढाण्यात भाकरी मिळत असेल यावर तिचा विश्वास नव्हता. मी त्याला सोमवारी टेबलावर घ्यायचं ठरवलं होतं. रविवारी पाचवी गोळी हरवली. सोमवारी सकाळी मी त्याच्या डोळ्यात बॅटरीचा उजेड टाकला, पांढराफेक पिकलेला मोतीबिंदू माझ्याकडे पाहत होता, आणि मी म्हणालो, अजून पिकला नाही, थांबू थोडं.

मंगळवारीही पिकला नाही. बुधवारी कडूबाने मला विचारलं, "भाऊ, डोयाईत काय आढी घातली हाय का? रोज चाचपून राह्यले."

ओसरीतली बाकीची रोगी माणसं हसली. झुंबरबाईने पदर तोंडाला लावला. कडूबा स्वतः हसला नाही, तो माझा आवाज जिथून आला होता तिकडे तोंड करून नम्रपणे उत्तराची वाट पाहत राहिला. मी काहीतरी लॅटिन बोललो. डॉक्टरला लॅटिन शिकवतात ते याचसाठी. ओसरीतून आत आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की हात पुन्हा खिशात आहे. गेले तीन दिवस मी दाढी न्हाव्याकडून करून घेत होतो. कोकिळेने, म्हणजे माझ्या बायकोने, सकाळी चहा पुढे ठेवला तेव्हा मी म्हणालो, अर्धाच दे. तिने माझ्याकडे पाहिलं. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा सासऱ्यांना अर्धा कप चहा तिनेच नेऊन दिलेला. तिने कप पूर्ण भरला आणि निघून गेली.

हात तपासायची आमच्या वैद्यकीत एक रीत आहे. बोटं ताठ करून हात समोर धरायचा आणि त्यावर एक कोरा कागद ठेवायचा. डोळ्याला न दिसणारा कंप कागदाच्या कडेला दिसतो. वडिलांच्या वेळी मला ही रीत आठवली नव्हती, किंवा गरज वाटली नव्हती. बुधवारी दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर मी दार लावून कागद ठेवला. मी पाहत होतो तोवर तो हलत होता, आणि मी पाहायचं थांबवलं तर तो हलतो की नाही हे कळायचा मार्ग नव्हता. खिडकीबाहेर कुणीतरी लाकूड फोडत होतं. प्रत्येक घावाला कागदाची कड थरथरायची, आणि घाव थांबल्यावरही. मला वडिलांच्या ओसरीवरची ती सकाळ आठवली: आमच्या दोघांच्या मध्ये तो एकटा हात, शालीच्या उबेतून उघड्यावर काढलेला, आणि आम्ही दोघं त्याची वाट पाहत बसलेलो. त्यालाही शेवटी आमचं मन मोडवलं नसेल. मी तोच कागद टेबलावर घेतला आणि त्यावर अकोल्याच्या एका शल्यवैद्य मित्राला पत्र लिहिलं. माझ्या उजव्या हातावर आता भरवसा ठेवता येत नाही, हा आमच्या घराण्यातला दोष आहे. यापुढे डोळ्यांचे रोगी तुमच्याकडे पाठवीत जाईन. पहिला रोगी कडूबा, याच्यासाठी विशेष काळजी घ्यावी, कारण. कारणाच्या पुढे मला वाक्य सुचेना. मी पत्राची घडी करून ते खिशात ठेवलं आणि ठरवलं की रायफलही कचेरीत जमा करावी. एकदा निरोप घ्यायचाच तर सगळ्यांचा घ्यावा.

पण शेजाऱ्याचं भांडं परत देतानासुद्धा आपण घासून देतो, आणि ही तर सरकारजमा व्हायची. म्हणून गुरुवारी मी गुलाम रसूलला घरी बोलावलं. गुलाम रसूल बाजारात कुलपं, स्टो, शिवणयंत्रं आणि माझं सुया-सुऱ्या उकळायचं यंत्र दुरुस्त करायचा. त्याआधी बारा वर्षं तो मलकापूरला सरकी काढायच्या जिनात फिटर होता. परवान्याची बंदूक दुकानात सोडता येत नाही, त्यामुळे तो हत्यारांची पिशवी घेऊन आमच्या व्हरांड्यात आला, चटईवर बसला, आणि मला म्हणाला की पुसायची असेल तर तुमी पुसा, मले बलावलं त मी उघडून पाहीन. त्याच्या बोलण्यात कुठे उद्धटपणा नव्हता. यंत्र न उघडता परत पाठवणं त्याला अपमानासारखं वाटायचं, यंत्राच्या. त्याने खालचे दोन स्क्रू सोडवले. लाकूड निघेना. नळी लाकडाच्या पन्हळीत बसलेली असते, स्क्रू काढले की उचलून यायला हवी. त्याने हलकेच ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. मग दोन्ही हातांनी, रडणारं मूल आईच्या कडेवरून काढून घ्यावं तसं, त्याने लाकूड आणि नळी वेगळी केली. आतमध्ये पन्हळीच्या उजव्या अंगाला, तोंडापासून चार-पाच बोटांपर्यंत, लालभडक दगड होता.

गुलाम रसूलने त्यावर नख मारून पाहिलं, वास घेतला, आणि हात मागे घेतला. एवढा वेळ तो चटईवर मांडी घालून बसला होता, आता त्याने पाय आवरून घेतले.

"साब, हा शेंदूर हाय," तो म्हणाला. "देवाचं काम. बाईसायबाले पुसून घ्या, मंगच मी हात लावतो."

मला काही कळलं नाही आणि मग एकदम सगळं कळलं, आणि दोन्हींच्या मध्ये मी आईची अनामिका पाहिली. शेंदूर आणि जवसाचं तेल एका वाटीत कालवलेलं. खंडेनवमीची सकाळ, पाटावर रायफल, बाजूला विळे, कुऱ्हाडी, माझं कंपासपेटीतलं कर्कटक. आई रायफलीच्या गळ्यापाशी, जिथे नळी लाकडात शिरते तिथे, बोटाने शेंदूर भरायची. तोच तिला गळा वाटायचा, आणि कुंकू कुठे लावायचं हे बाईला शिकवावं लागत नाही. गेल्या वर्षीचा शेंदूर काढायचा नाही. देवावरचा शेंदूर कोणी खरवडत नाही. मारुतीच्या अंगावर तो वर्षानुवर्षं चढतो आणि कधीतरी आपणहून त्याची खोळ गळून पडते, तो त्याच्या मर्जीचा प्रश्न. आमच्या रायफलीची मर्जी झाली नाही. आई गेल्यावर कोकिळेने तेच केलं, त्याच जागी, तितक्याच मनोभावे. बत्तीस वर्षं आम्ही तिच्या नळीखाली देव भरत होतो.

गुलाम रसूल मला समजावत होता. जिनात वाफेच्या नळांचे सांधे ते यानेच भरायचे, शेंदूर अन् जवसाचं तेल, एकदा जमलं की छिन्नीचं भी ऐकत नाही. बोलता बोलता तो त्याच्या कामात हरवला होता आणि माझ्याकडे पाहतही नव्हता. "गोई सुटली का नयी गरम होते, साब. गरम झाली का फुलते, तिले जागा पायजे. इकडून हे टेकलं, त ते तिकडं सरकते. पयली गोई थंडीची, ते सरय जाते. मंग दुसरी हटते, तिसरी अजून हटते. मागं कसून धराची, अन् पुढं मोकयी सोडाची. लाकूड तिले शिवलं नाही पायजे. याच्यात चालवनाऱ्याचा काय कसूर?"

शेवटचा प्रश्न त्याने मला विचारलेला नव्हता. तो लोखंडाशी बोलत होता. मी व्हरांड्याच्या खांबाला टेकलो. मला वाटतं माणसाच्या आयुष्यात असे दोन-तीनच क्षण येतात जेव्हा समोरचा माणूस काहीतरी प्रचंड देऊन टाकतो आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो, तो आपला काचकागदाचा तुकडा शोधत असतो. आभार मानायला तोंड उघडावं तर काय म्हणायचं? पहिली गोळी थंडीची. पहिलं डुक्कर पडलं, दुसरं पडलं, तिसरं जखमी. तेव्हा बारा वर्षांचा शेंदूर आत होता. वडिलांची गोळी वर्षावर्षाने हटत गेली असणार, आणि त्यांनी ते वय समजून पोटात घातलं असणार, चौथ्या डुकरापर्यंत.

मी कोकिळेला बोलावलं. ती पीठ मळलेल्या हातांनीच आली, तिने पन्हळीतला लाल दगड पाहिला, नळी पाहिली, गुलाम रसूलचं म्हणणं पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकून घेतलं. तिने डोळे मिटून हात जोडले, पिठाचेच.

"खरवडा भाऊ," ती म्हणाली. "देव रागावला तर त्याला सांगू, जागा आम्ही चुकीची दाखवली, तुमच्याकडे बोट नाही."

मग तिने आतून तांब्याची ताटली आणून त्याच्यासमोर ठेवली, एक कणही खाली पडता कामा नये म्हणून, आणि गुलाम रसूलने डोक्यावरची टोपी सारखी केली, तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हटलं आणि आमचा देव खरवडायला घेतला. दीड तास लागला. मोठा तुकडा निघाला तो मी उचलून भिंगाखाली धरला. कापलेल्या कांद्यासारखे थर होते, एकावर एक, कुठे पातळ, कुठे जाड. लाकडाच्या बाजूने मोजत गेलो. बाराव्या थरापाशी मी थांबलो. त्याच्यावर वीस थर होते, सगळे सारखेच लाल, सगळे सारख्याच श्रद्धेने लावलेले. बाराव्यानंतर वडिलांचा हात शालीत होता आणि आई शेंदूर लावत होती, हात बरा व्हावा म्हणूनच बहुधा. मी ते भिंग बराच वेळ डोळ्यावरून काढलं नाही. डॉक्टरला भिंगामागे बसता येतं, ही या धंद्यातली एक सोय आहे.

शेंदूर निघाल्यावर गुलाम रसूलने गोल पटाशीने पन्हळीचं लाकूडही सगळीकडून जरा जरा उतरवलं, काचकागद फिरवला, वरून हलका तेलाचा हात दिला, पुसला, नळी बसवली, मागचे स्क्रू दाबून आवळले. मग त्याने हात पुढे केला आणि कागद मागितला. कसला कागद, मी विचारलं. कोन्ताबी, तो म्हणाला, दोन घड्यांचा. माझ्या खिशात होता तो मी दिला. त्याने अकोल्याच्या पत्राची पट्टी नळीच्या टोकाखाली घातली आणि नळी आणि लाकूड यांच्या मधून मागे सरकवत नेली, हळूहळू, कान देऊन. एका जागी ती अडली. त्याने पुन्हा लाकूड उघडलं, पुन्हा काचकागद मारला. तिसऱ्या वेळी पत्र टोकापासून मुळापर्यंत सरळ गेलं, कुठेही न शिवता, आणि परत आलं. ते त्याने मला आदबीने परत दिलं. त्याच्यावर तेलाचे आणि शेंदराचे डाग पडले होते. असं पत्र सभ्य माणसाने कोणाला पाठवू नये. मला हायसं वाटलं आणि त्या वाटण्याची लाजही वाटली, कारण अजून काहीच सिद्ध झालेलं नव्हतं. लाकूड दोषी आहे म्हणून हात निर्दोष आहे असं थोडंच आहे? कोर्टात दोघेही आरोपी असू शकतात.

शुक्रवारी सकाळी मी आणि गुलाम रसूल चिखलीच्या रस्त्यावरच्या जुन्या दगडखाणीत गेलो. लक्ष्य म्हणून मी दवाखान्यातला डोळे तपासायचा जुना तक्ता नेला होता, आणि खाणीच्या भिंतीला तो लावताना मनात आलं की आज तो माझा डोळा तपासणार नाही. नव्वद पावलं मोजली. पोटावर पडलो. दगड थंड होते, कुठून तरी तरवडाचा वास येत होता. पहिली गोळी. दुसरी. मला हाताकडे पाहायचं नव्हतं म्हणून मी फक्त माशीकडे पाहत होतो, नळीच्या टोकावरच्या त्या काळ्या कणाकडे, आणि तिसऱ्या गोळीच्या वेळी मला एक विचित्र गोष्ट जाणवली: मी कोणाचीच वाट पाहत नव्हतो. हात होता, पण समोर धरलेला नव्हता. चौथी. नळीवरून ऊन तरळावं तशी हवा तरळायला लागली होती. पाचवी झाडली आणि तिथेच पडून राहिलो. गुलाम रसूल चालत तक्त्याकडे गेला, तिथे पाठमोरा उभा राहिला, आणि त्याला इतका वेळ का लागतोय ते मला कळेना. मग त्याने कनवटीच्या चंचीतून विड्याचं पान काढलं आणि तक्त्यावर ठेवून दाखवलं. पाचही भोकं पानाखाली होती.

परत येताना मी त्याला विचारलं, तुला काय देऊ. तो म्हणाला की त्याची आई, सुगराबी, चुलीपाशी बसून भाकरी चाचपून शोधते, जमलं तर एकदा तिचे डोळे पाहावे. दोन सालांपासून तो तिला सांगत होता पण ती सुरीला भिते. आता मी सांगीन तिले, तो म्हणाला, मी डाक्टरसाबचा हात पाह्यला. मी रस्त्याच्या कडेला थांबून बुटाची नाडी बांधली, ती सुटलेली नव्हती.

दवाखान्यात गेलो तर कडूबा ओसरीत उन्हात बसला होता आणि झुंबरबाई त्याच्या ताटलीत भाकरी कुस्करत होती. मी त्याच्यापाशी खाली जमिनीवर बसलो. रायफलीची सगळी गोष्ट त्याला सांगितली. शेंदूर, नळी, तापणं, हटणं. वीस वर्षांपूर्वी त्या दिवशी मालकाच्या हाताचा दोष नव्हता, लाकडाचा होता, हे त्याला सांगायचा अधिकार मला होता की नाही कोण जाणे, पण मांडी त्याची फाटली होती, तेव्हा ऐकण्याचा अधिकार त्याला नक्की होता. तो ऐकत राहिला. त्याच्या पांढऱ्या डोळ्यांवरून काही कळायला मार्ग नव्हता.

"ते मले ठाऊक होतं, भाऊ," तो म्हणाला. "शेंदराचं नाही. हाताचं."

मी विचारलं, कसं.

त्याने काठी बाजूला ठेवली आणि धोतर मांडीवर सारलं. मी तो व्रण एखाद्या ऐकीव गोष्टीसारखा गृहीत धरला होता. कधी पाहिला नव्हता. माझी समजूत होती की खामगावहून डॉक्टर आला असेल, किंवा मलकापूरहून कोणी कंपाउंडर. कडूबाने सांगितलं की मलकापूरला पोचेस्तोवर तो राहिला नसता. मालकाईनं तिथंच, बांधावर, त्याले पाजलं, घोड्याच्या शेपटीचे केस तोडले, दारूत बुडवले, अन् पोत्याच्या सुईनं मांडी शिवली. बैलाची शिवतात तशी. मी पुढे वाकलो. गुडघ्यापासून वर वीतभर एक पांढरी रेघ गेली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. मी टाके मोजले. सतरा. मग खिशातून मोजपट्टी काढली आणि अंतर मोजलं, कारण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसत नव्हता. पहिल्यापासून सतराव्यापर्यंत, एकाही ठिपक्याने ओळ सोडलेली नव्हती. असे टाके मी माझ्या हातून दोनदा पाहिले असतील, तेही टेबलावर, दिव्याखाली, भूल दिलेल्या माणसाला. हे टाके डुक्कर अंगावरून गेल्यानंतर पाव तासाने घातलेले होते, ओरडणाऱ्या माणसाच्या मांडीत. ते करून घरी येऊन वडिलांनी मला कार्ड लिहिलं होतं, माझा हात गेला. मला त्या कार्डावरचं अक्षर आठवलं. ते मी वीस वर्षं वाचत आलो होतो आणि पाहिलं आज. सुरेख अक्षर होतं.

"तू त्यांना सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"सांगतलं ना," कडूबा म्हणाला. "मांडी भरून आली तवाच सांगतलं. म्हनलं, मालक, थरथरत्या हातानं असं शिवता येते का? त्याईनं माह्या पाठीवरून हात फिरवला. म्हनले, कडूबा, तू लय चांगला मानूस हायेस."

झुंबरबाईचा कुस्करता हात थांबला होता. ओसरीत बाकीचे रोगी आपापल्या उन्हात बसले होते. मी त्या सतरा टाक्यांवर बोट ठेवलं आणि एकेक करत वर नेलं, आंधळे वाचतात तसं. माझं बोट हलत होतं की नाही हे मी पाहिलं नाही. मग त्याचं धोतर नीट केलं, त्याच्या हातात काठी दिली, आणि झुंबरबाईला सांगितलं की उद्या सकाळी यांना उपाशी ठेवा, सातला घेऊ.

कडूबाने तोंड माझ्याकडे केलं.

"काऊन भाऊ, पिकला का मंग एका रातीत?"

"पिकला," मी म्हणालो.